मशीन बंद ठेवून परिषदेला जावं का, आणि कुणी जावं?

प्रिसिजन मशिनिंगचं काम करणाऱ्या छोट्या वर्कशॉपनं परिषदा आणि प्रदर्शनांवर वेळ-पैसा घालवावा का, आणि घालवायचाच तर पाठवायचं कुणाला, एवढाच आजचा प्रश्न आहे. बोलताना आमच्या डोळ्यांसमोर कर्जत-खालापूरचा पट्टा आहे. खोपोलीला टाटांचं जलविद्युत केंद्र १९१५ मध्ये सुरू झालं, पुढे पोलादाचे आणि पाइपचे कारखाने आले, आणि मोठ्यांच्या आसऱ्यानं एक-दोन सीएनसी लेथ आणि एखादा मिलिंग सेंटर एवढ्यावर चालणारे गाळे उभे राहिले. त्या मशीनवर उभी राहणारी बरीच मुलं आसपासच्या वाड्यांमधून येतात. ठाकुरवाडी नावाची वस्ती या भागात एकच नाही, कुठली ठाकुरवाडी ते विचारावं लागतं.

आधी प्रिसिजन म्हणजे काय ते बघू. मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन. डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. ड्रॉइंगवर १०० मिमीच्या बोअरला H7 लिहिलेलं असेल तर तो बोअर १००.००० ते १००.०३५ मिमी यांच्यामध्ये कुठेही चालतो. म्हणजे आपल्याला मिळालेली सगळी सवलत ३५ मायक्रॉनची, अर्ध्या केसाची.

आता मे महिना आणा. पत्र्याच्या शेडमध्ये ३८ अंश तापमान आहे, जॉब ॲल्युमिनियमचा आहे, मोजायचं उपकरण पोलादाचं आहे. जगभर माप धरलं जातं ते २० अंशांना. १८ अंशांच्या फरकानं १०० मिमी ॲल्युमिनियम साधारण ४१ मायक्रॉन वाढतं, तर पोलाद २१ मायक्रॉन. म्हणजे आपल्या उपकरणावर दिसणारा आकडा खऱ्या मापापेक्षा वीसेक मायक्रॉननं जास्त. आपण बोअर पास करतो, पार्टीच्या एसी खोलीत तोच बोअर लहान भरतो, आणि माल परत येतो. ऑपरेटर म्हणतो मशीन बरोबर आहे, मालक म्हणतो ऑपरेटर बरोबर नाही, आणि दोष असतो उन्हाचा.

ही माहिती पुस्तकात आहे, कबूल. पण आपल्या रिजेक्शनचं कारण तापमान आहे हेच ज्याला माहीत नाही, तो पुस्तकातलं ते पान कशाला उघडेल? परिषदेचा पहिला उपयोग आमच्या मते हाच. आपल्या अडचणीला नाव काय आहे ते तिथं कळतं. दुसऱ्या गावचा माणूस चहा पिताना सांगतो, "आमचाही दुपारचा माल परत यायचा", आणि पुढचं सगळं सुटायला लागतं. मशीन विकणारा हे सांगेलच असं नाही. त्याला मशीन विकायचं असतं, आणि त्यात गैर काही नाही.

महाराष्ट्राला ही कल्पना नवी नाही. ज्या न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये पुण्यात वसंत व्याख्यानमालेची सुरुवात केली, त्यांनीच १८९० मध्ये पुण्यात औद्योगिक परिषद भरवली. त्याच साली पुण्यात औद्योगिक संग्रहालय उभं राहिलं, आजचं महात्मा फुले वस्तुसंग्रहालय. व्याख्यान ऐकवायचं, चर्चा करायची आणि वस्तू डोळ्यांनी दाखवायची, ही तिन्ही कामं त्या पिढीनं एकत्र धरली होती. आजच्या मशीन टूल प्रदर्शनात तेच चालतं, फक्त तिकडे आवाज फार असतो.

आपल्याकडचं सर्वांत मोठं प्रदर्शन म्हणजे इमटेक्स. मशीन टूल उत्पादकांची संघटना, इमटमा, ते भरवते. पहिलं इमटेक्स १९६९ मध्ये मुंबईत झालं. २००७ पासून ते बंगळुरूला तुमकूर रोडवरच्या केंद्रात भरतं, साधारणपणे जानेवारीत. विषम वर्षी धातू कापण्याचं आणि सम वर्षी धातूला आकार देण्याचं, म्हणजे प्रेस-शीटमेटलचं. लेथवाल्यानं सम वर्षी जाऊन हिरमुसलं होण्यात अर्थ नाही, म्हणून आधी वर्ष बघावं. प्रदर्शनाच्या जोडीनं तंत्रज्ञानावरची चर्चासत्रंही असतात. मुंबईत भरायचं तेव्हा कर्जतचा माणूस सकाळच्या लोकलनं जाऊन संध्याकाळी परत येऊ शकत होता. आता बंगळुरूची गाडी कर्जतला मागे बँकर इंजिनं लावून ठाकुरवाडी केबिनवरून घाट चढते आणि पुढची रात्र गाडीत जाते. म्हणजे खर्च आला. तो मोजूनच बोलू.

समजा तुमच्या लेथचा तासाचा दर ४०० रुपये आहे आणि दिवसाला १६ तास काम चालतं. एक दिवस मशीन बंद म्हणजे ६,४०० रुपये, तीन दिवस म्हणजे १९,२००. वर प्रवास, राहणं, खाणं. आता दुसरी बाजू. एका जॉबला ९० सेकंद लागतात, तर १६ तासांत ६४० जॉब निघतात. प्रदर्शनात बघितलेल्या इन्सर्टनं किंवा होल्डरनं १० सेकंद वाचले, तर तेवढ्याच वेळात ७२०. रोजचे ८० जॉब जास्त, महिन्याचे २५ दिवस धरले तर २,०००. पण थांबा. हाताला तेवढं काम नसेल तर हे ८० जॉब म्हणजे रॅकवर पडून राहिलेला माल. १० सेकंद वाचवण्याचा फायदा ज्याच्याकडे ऑर्डर साचली आहे त्याला. ज्याच्याकडे काम कमी आहे त्यानं इन्सर्टचे स्टॉल सोडून खरेदीवाल्या माणसांना भेटावं. सगळे एकाच कारणासाठी जातात, हा गैरसमज आधी काढून टाका.

डोळ्यांनी बघण्याला एवढी किंमत का, याचं एक जुनं उदाहरण सांगतो. १९०० सालच्या पॅरिस प्रदर्शनात अमेरिकेच्या बेथलेहेम स्टील कंपनीनं टेलर आणि व्हाइट यांनी शोधलेलं हायस्पीड स्टीलचं हत्यार लेथवर चालवून दाखवलं. तोपर्यंतची साध्या कार्बन स्टीलची हत्यारं तापली की नरम पडायची. हे हत्यार लाल झालं तरी कापत होतं, आणि चिप निळी पडून बाहेर येत होती. लेखात वाचून कुणी पटवून घेतलं नसतं, ते लोकांनी समोर बघितलं. पुढे असंही लक्षात आलं की या वेगाला जुने लेथच पुरत नाहीत, म्हणून यंत्रंही भक्कम करावी लागली. बघा, हत्यार बदललं आणि उघडी पडली ती मशीनची कमजोरी. हे आजही होतं.

आता आमचा मुख्य मुद्दा. निळी चिप ओळखायला मशीनवर उभं राहणाऱ्याची नजर लागते. आपल्याकडे परिषदेला जातो तो मालक, फार तर मालकाचा मुलगा. तो कॅटलॉगची पिशवी घेऊन येतो, ती ऑफिसच्या कपाटावर चढते, झालं. मालकानं जाऊ नये असं आम्ही म्हणत नाही, पैशाचा निर्णय त्याचाच. पण चिप तुटतेय की दोरीसारखी लांब येतेय, आवाज बदलला की नाही, कूलंट नेमकं कुठं पडतंय, हे ऑपरेटरच्या नजरेला जेवढं दिसतं तेवढं मालकाला दिसत नाही. दोघांपैकी एकालाच पाठवणं परवडत असेल तर निदान एकदा ऑपरेटरला पाठवून बघा.

"शिकवला की सोडून जाईल" ही भीती आम्ही सगळीकडे ऐकतो. काही जण जातीलही, खोटं कशाला बोला. पण वाडीवरचा मुलगा पाच वर्षं एकाच मशीनवर एकच बटण दाबत राहिला, तरी तो जातोच, आणि तो जाताना आपल्याकडे काहीच शिल्लक राहत नाही.

जाताना काय न्यायचं? आपल्या जॉबच्या चिप एका पुडीत, झिजलेला इन्सर्ट काडेपेटीत, आणि मटेरियलचा ग्रेड लिहिलेला कागद. पार्टीचं ड्रॉइंग मात्र दाखवत फिरू नका, तो विश्वासाचा प्रश्न आहे. हातानं स्केच काढून न्या. डेमोसमोर उभं राहिलात की तीन गोष्टी विचारा: मटेरियल कुठलं, हत्यार होल्डरच्या किती बाहेर आहे, आणि किती जॉबनंतर धार बदलली. डेमोचं मशीन नवं आणि दणकट असतं, हत्यार आखूड धरलेलं असतं. आपल्या दहा वर्षांच्या लेथवर तोच वेग लावला तर थरथर सुरू होईल.

भाषेची अडचण खरी आहे. चर्चासत्रं बहुतेक इंग्रजीत होतात आणि आयटीआयचा मुलगा मागच्या खुर्चीत गप्प बसतो. त्याला सुरुवातीला एकदम बंगळुरूला पाठवायची गरज नाही. घाट चढला की पुण्याकडे इमटमाचं प्रशिक्षण केंद्र आहे, चिंचवडला ऑटो क्लस्टरमध्ये छोटी प्रदर्शनं होतात, तिकडे मराठीत विचारता येतं. पुण्याच्या उद्यम प्रकाशनाचं 'धातुकाम' मासिक याच विषयावर मराठीत निघतं. ते आधी महिनाभर वर्कशॉपमध्ये वाचलं, तर स्टॉलवरचे शब्द परके वाटत नाहीत.

आल्यावर आठ दिवसांच्या आत एक तरी गोष्ट आपल्या मशीनवर करून बघावी, आणि आधीची वेळ, नंतरची वेळ भिंतीवर खडूनं लिहावी. प्रयोगाचे चार-सहा जॉब बिघडले तर ते त्या मुलाच्या नावावर टाकू नयेत. आणि तो गेला होता त्या दिवसांची हजेरी भरलेली धरावी, रजा नाही.