गॅट्सबी दोन आठवड्यांत पळाला, नुकसान त्याचंच!

'द ग्रेट गॅट्सबी' वाचलेल्यांनाही ही गोष्ट सहसा आठवत नाही. श्रीमंत होण्याआधी हा पठ्ठ्या मिनेसोटातल्या सेंट ओलाफ नावाच्या लहानशा लुथरन कॉलेजात दाखल झाला होता. खर्च भागवायला झाडलोट करायची, तर त्याचाच त्याला तिटकारा. दोन आठवड्यांत स्वारी पसार! कादंबरी १९२५ची, गॅट्सबी काल्पनिक. कॉलेज मात्र शंभर टक्के खरं. नॉर्थफील्ड गावातल्या टेकडीवर आजही उभं आहे. थांबला असता तर काय काय बघायला मिळालं असतं बाबाला!

नॉर्वेहून आलेल्या शेतकऱ्यांनी आणि त्यांच्या पाद्र्यांनी १८७४ साली हे विद्यालय काढलं, आणि पहिल्यापासून मुलींनाही घेतलं. नाव दिलं नॉर्वेच्या संत-राजाचं. हा ओलाफ १०३० साली रणांगणावर पडला. कॉलेजचं ब्रीदवाक्य म्हणजे त्याचीच रणगर्जना: 'फ्राम! फ्राम!', म्हणजे 'पुढे व्हा, पुढे!' एवढा वीररस, आणि सामन्यात ओरडून म्हणायचं कॉलेजचं गाणं मात्र चक्क वॉल्ट्झच्या ठेक्यात. 'उम! या! या!' करत तीन-तीन मात्रांवर डुलायचं. आपल्याकडे कबड्डीच्या मैदानात कुणी दादरा धरला तर कसं वाटेल, तसंच.

इथल्या पोरापोरींना म्हणतात 'ओली'. मराठी कानाला गंमत वाटते, कारण मिनेसोटाच्या हिवाळ्यात ओलं राहायला काही उरतच नाही, सगळं गोठतं.

त्या 'उम! या! या!' गाण्यात टोमणा आहे तो कार्लटन कॉलेजला. एवढ्याशा गावात दोन कॉलेजं, मधून कॅनन नदी वाहते, मग खुन्नस नको? खुन्नशीचा सर्वांत भन्नाट नमुना १९७७चा. अमेरिकेत तेव्हा मेट्रिक पद्धतीचं वारं होतं. कार्लटनच्या रसायनशास्त्राच्या एका प्राध्यापकांच्या डोक्यातून कल्पना निघाली: अमेरिकन फुटबॉलचा सामना यार्डांऐवजी मीटरमध्ये खेळायचा! मैदान शंभर मीटरचं, खेळाडूंची उंची सेंटिमीटरमध्ये, वजन किलोत. नाव ठेवलं 'लिटर बोल'. निकाल? सेंट ओलाफनं यजमानांना ४३-० असं धुतलं. अमेरिकेत मीटरचं पुढे फारसं काही झालं नाही. (आपण १९५७लाच नवा पैसा आणून मोकळे झालो होतो.)

कॉलेजच्या लायब्ररीला नाव आहे रोल्व्हागचं, आणि हा माणूस मला सगळ्यांत आवडतो. नॉर्वेतला मासेमाराचा मुलगा, विशीत अमेरिकेला आला, १९०५मध्ये इथून पदवी घेतली आणि इथंच प्राध्यापक झाला. डाकोटाच्या माळावर घरं मांडणाऱ्या आपल्या लोकांवर त्यानं कादंबरी लिहिली, पण नॉर्वेजियनमध्ये! अमेरिकेची गोष्ट, अमेरिकेत बसून लिहिलेली, आणि १९२४ साली छापली गेली नॉर्वेत. इंग्रजीत 'जायंट्स इन द अर्थ' या नावानं यायला १९२७ उजाडलं. न्यू जर्सीत बसून दिवाळी अंकासाठी मराठीत लिहिणाऱ्यांनी टेबलावर याचा फोटो ठेवायला हरकत नाही.

टेकडीवर २००६पासून एक भलीमोठी पवनचक्की फिरते. कॉलेजला लागणाऱ्या विजेतला साधारण तिसरा हिस्सा ती एकटी देते. वारा मात्र नुसती वीज देत नाही, वासही आणतो. गावात नाश्त्याच्या सीरिअलचा मोठा कारखाना आहे. भट्टी लागली की अख्ख्या गावाला भाजक्या धान्याचा गोडसर वास सुटतो. अभ्यासाला बसलेल्या पोरांची काय अवस्था होत असेल!

डिसेंबरात मात्र वेगळाच वास. १९१२पासून इथं नाताळचा संगीत महोत्सव भरतो. जांभळ्या झग्यांतला नामांकित गायकवृंद हातात हात गुंफून, वाद्यांच्या साथीशिवाय, कागद न बघता गातो. प्रेक्षकांत जिकडे तिकडे नॉर्वेजियन नक्षीचे लोकरी स्वेटर. आणि जेवणात 'लुटफिस्क'. म्हणजे वाळवलेला कॉड मासा आधी पाण्यात, मग कडक क्षाराच्या पाण्यात, मग पुन्हा पाण्यात दिवसेंदिवस भिजवायचा. शिजवला की जेलीसारखा थुलथुलतो, वर वितळलेलं लोणी. सुक्या बोंबलाला नाक मुरडणाऱ्यांनी एकदा हे ताट समोर घेऊन बघावं.

गॅट्सबी खरंच झाडूला वैतागून पळाला का, याची मला आता थोडी शंका येते.