बल्ब स्वस्त, वायरमन दुर्मिळ

इचलकरंजीतून बाहेर पडताना कबनूर कधी सुरू झालं ते नवख्याला कळत नाही. यंत्रमागांचा खडखडाट तोच, शेडमधल्या ट्यूबाही त्याच. काम म्हटलं की इथं जॉबर, कांडीवाली, वहिफणीवाला, घडीवाला हीच नावं आधी तोंडावर येतात. १९०४ मध्ये इचलकरंजीत पहिला यंत्रमाग आला, तेव्हापासूनची ही वंशावळ. तिच्यात दिव्यांच्या कामाला वेगळी जागा कधी नव्हती. ट्यूब गेली की समोर असेल त्यानं शिडी लावायची. आज मात्र आयटीआयला जाणाऱ्या पोरानं दिव्यांच्या धंद्यात नोकरी शोधावी असे दिवस आहेत. फक्त बल्बच्या कारखान्याकडं आशेनं बघू नये, असं माझं मत.

कारण बल्ब बनवण्यात आता माणूस फारसा उरलेला नाही. २०१४ च्या सुरुवातीला सरकारी खरेदीत एक एलईडी बल्ब ३१० रुपयांना पडत होता. २०१६ मध्ये तोच ३८ रुपयांवर आला. जानेवारी २०१५ मध्ये सुरू झालेल्या ‘उजाला’ योजनेतून ३६ कोटींहून जास्त बल्ब वाटले गेले. एवढी घसरण झाली ती मोठ्या घाऊक खरेदीमुळं, चिपा स्वस्त झाल्यामुळं आणि यंत्रांमुळं. सर्किटच्या पट्टीवर चिप बसवायचं काम यंत्र तासाला हजारोंच्या हिशेबानं करतं. माणसाच्या वाट्याला जोडणी, तपासणी आणि खोक्यात भरणं उरतं, तेही बहुधा ठेकेदारामार्फत. शिवाय हे मोठे कारखाने डेहराडून, नीमराणा, काशीपूर, वडोदरा अशा ठिकाणी. २०२१ मध्ये केंद्रानं एसी आणि एलईडी दिव्यांसाठी मिळून ६,२३८ कोटींची प्रोत्साहन योजना मंजूर केली. तिचा रोख सुटे भाग देशात बनवण्यावर आहे, म्हणून पुढची भरती ड्रायव्हर (दिव्याला वीज पुरवणारं सर्किट), हीट सिंक (उष्णता बाहेर टाकणारा भाग), साचे यांच्या बाजूला होईल.

महाराष्ट्राच्या वाट्याला या धंद्याचा चांगला तुकडा आला तो गाड्यांच्या दिव्यांचा. चाकण आणि छत्रपती संभाजीनगर इथं हेडलॅम्प-टेललॅम्पचं काम चालतं. संभाजीनगरच्या ‘व्हॅरॉक’नं २०१२ मध्ये व्हिस्टिऑन या अमेरिकी कंपनीचा दिव्यांचा जागतिक व्यवसाय विकत घेतला होता, त्यातला चारचाकीचा मोठा भाग पुढं २०२२ मध्ये फ्रेंच कंपनीला विकला. एलईडी हेडलॅम्पला भिंगाची वक्रता काढणारा, उष्णतेचा हिशेब करणारा, प्लास्टिकचा साचा पाडणारा आणि सर्किट आखणारा असे चार वेगळे जाणकार लागतात. कोल्हापूर भागातल्या पोरांना साचेकाम आणि मशीनिंग नवं नाही. त्यांना अडतं ते इलेक्ट्रॉनिक्सपाशी. एलईडी दिवा बंद पडतो तेव्हा बऱ्याचदा चिप धड असते. गेलेला असतो ड्रायव्हर, आणि त्यातही उष्णतेनं सुकलेला कपॅसिटर. हे मल्टिमीटर लावून पाच मिनिटांत सांगणारा माणूस पगार मागू शकतो.

पण कबनूरजवळचं खरं काम मागाच्या शेडमध्येच आहे. विणकामाला ५०० लक्स आणि कापडाचा रंग-दोष तपासायला १,००० लक्स उजेड हवा, असं युरोपीय मानक सांगतं. जुन्या चोकवरची ट्यूब सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते. त्या उजेडात फिरतं चाक कधीकधी थांबल्यासारखं दिसतं आणि हात जातो. जाणता वायरमन शेजारशेजारच्या ट्यूबा तीन वेगवेगळ्या फेजवर टाकायचा तो याचसाठी. आता तर ट्यूबच जाणार आहे: पाऱ्यावरच्या मिनामाता कराराच्या २०२३ मधील परिषदेत २०२७ पर्यंत फ्लुरोसंट दिव्यांचं उत्पादन आणि आयात-निर्यात थांबवायचं ठरलं, आणि भारत त्या करारात आहे. म्हणजे प्रत्येक शेडचा उजेड नव्यानं मांडावा लागेल. किती दिवे, किती उंचीवर, सावली सुतावर पडेल का, हे ‘डायलक्स’सारख्या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर काढता येतं. वायरिंग आणि डायलक्स दोन्ही येणारा पोरगा मला अजून क्वचितच भेटतो. प्रकाश अभियांत्रिकीत पदव्युत्तर शिक्षण घ्यायचं तर कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठासारखं लांबचं ठिकाण गाठावं लागतं, हेही त्यामागचं एक कारण.

एक शाळा मात्र आपल्याकडं बिनफीची आहे: मंडप-लाइटवाल्यांची. उरूस, गणपती, लग्नं. ट्रसवर शार्पी (फिरते झोतदिवे) चढवणारा, एका केबलमधून ५१२ चॅनेलं पळवणारा पोरगा डीएमएक्स कन्सोल (दिव्यांचं नियंत्रण-यंत्र) शिकलेला असतो, आणि पुण्या-मुंबईच्या कार्यक्रमांना आणि नाट्यगृहांना नेमका तोच हवा असतो. (लेझर डोळ्यांवर सोडण्याची विद्या त्यानं इथंच ठेवून जावं, गणेशोत्सवात तिच्यावर बंदीचे आदेश उगाच निघाले नाहीत.) अडचण एवढीच, की या शिक्षणाचा कागद मिळत नाही.

आणि कागदाला महत्त्व आहे. आयटीआयचा वीजतंत्री किंवा तारतंत्री झाल्यावर विद्युत निरीक्षकांच्या विभागाचा परवाना काढला, तर माणूस पथदिव्यांच्या, सोसायट्यांच्या, छतावरच्या सौर पॅनेलच्या कामात अधिकृतपणे उतरतो. नाही काढला तर तेच काम दुसऱ्याच्या परवान्यावर, रोजावर करतो. ‘पोरं टिकत नाहीत’ ही ठेकेदारांची तक्रार खरी आहे, पण अर्धीच. विम्याशिवाय नऊ मीटरच्या खांबावर कोण आणि का टिकावं?

शिकाऊ उमेदवारीचा रस्ता कायद्यानं आहे. ३० किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनेनं मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ घ्यायचेच असतात, आणि चार ते एकोणतीस माणसं असलेल्यांना ते ऐच्छिक आहे. कबनूरच्या शेड तिसाच्या आत बसणाऱ्या. म्हणून इथल्या पोरानं आधी कागल-हातकणंगलेच्या पंचतारांकित एमआयडीसीत नाहीतर चाकणला वर्षभर शिकाऊ म्हणून घालवावं, परवाना काढावा, आणि परत यायचंच असेल तर २०२७ च्या आधी यावं.