भाऊसाहेब : दातृत्व आणि राज्यकारभार

धनिकाने राजकारणात यावे की न यावे, हा वाद जुना आहे. ज्याने आयुष्यभर पैसा मिळविला तो सत्तेतही पैसाच पाहणार, असे एक पक्ष म्हणतो. ज्याचे घर भरलेले आहे त्यास सार्वजनिक तिजोरीचा मोह होत नाही, असे दुसरा सांगतो. आमच्या मते दोन्ही म्हणणी अर्धसत्य आहेत. धनिकाने सत्ता कोणासाठी राबविली आणि त्याच्यामागे काय उरले, यावरूनच त्याचे मोजमाप झाले पाहिजे. गोमंतकात या कसोटीस दयानंद ऊर्फ भाऊसाहेब बांदोडकर यांच्याइतके बोलके उदाहरण दुसरे नाही.

१९११ साली जन्मलेल्या भाऊसाहेबांनी पोर्तुगीज अमदानीत खाणधंद्यात संपत्ती मिळविली आणि सढळ हाताने दानधर्मही केला. मुक्तीनंतर डिसेंबर १९६३ मध्ये पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाने गोव्यातील २८ पैकी १४ जागा जिंकल्या आणि मित्रपक्षाच्या साह्याने सरकार बनविले. स्वतः ती निवडणूक न लढविलेले भाऊसाहेब पहिले मुख्यमंत्री झाले व पुढे मडकईतून पोटनिवडणुकीत निवडून आले.

त्यांचे राजकारण परंपरानिष्ठ होते. मराठी भाषा, हिंदू लोकजीवन आणि महाराष्ट्राशी असलेला सांस्कृतिक अनुबंध ही त्यांची श्रद्धास्थाने होती. समाजरचना उलथून टाकण्याची भाषा त्यांच्या तोंडी नव्हती. असे असूनही, पिढ्यान्‌पिढ्या भाटकाराच्या मर्जीवर जगणाऱ्या कुळास १९६४ च्या कूळकायद्याने जमिनीवरून हुसकावले जाण्यापासून संरक्षण मिळाले व खंडावर मर्यादा आली, ती त्यांच्याच राजवटीत. खेडोपाडी सरकारी प्राथमिक शाळा निघाल्या आणि ज्यांच्या घरात अक्षराचा वारा शिरला नव्हता त्यांची मुले पाटी-दप्तर घेऊन चालू लागली. दान हे दात्याच्या लहरीवर अवलंबून असते, हक्क कायद्यावर उभा असतो. दानशूर म्हणून ख्यात असलेल्या या धनिकाने दानापलीकडे जाऊन हक्कांची पायाभरणी केली, हेच त्यांचे खरे मोठेपण होय.

त्यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठा राजकीय पराभवही विसरता येणार नाही. विलीनीकरण हे त्यांच्या पक्षाचे ब्रीद. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलापूर्वी त्यांच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. कौलात विलीनीकरणास १,३८,१७० मते पडली, तर विरोधात १,७२,१९१. गोमंतकाने आपले स्वतंत्र अस्तित्व राखले. भाऊसाहेबांनी हा निर्णय मानला आणि त्याच वर्षी मार्चमधील निवडणुकीत बहुमत मिळवून ते पुन्हा मुख्यमंत्री झाले. ज्या जनतेने त्यांचे ब्रीद नाकारले, तिनेच त्यांच्या हाती राज्य दिले. यातून जनता आणि नेता या दोघांचीही प्रगल्भता दिसते.

गुणगौरवाच्या भरात दोष झाकणे हा मात्र त्या स्मृतीचा सन्मान ठरणार नाही. त्यांच्या पक्षाचा पाया मुख्यतः हिंदू बहुजनसमाजात राहिला. ख्रिस्ती मतदार बव्हंशी डॉ. जॅक सिक्वेरा यांच्या युनायटेड गोवन्स पक्षामागे गेला. ही फूट सांधणे भाऊसाहेबांस साधले नाही. पेढीचा मालक चालवितो तसा राज्यकारभार ते एकहाती चालवितात, हा आक्षेपही निराधार नव्हता. १९७० मध्ये स्वपक्षातील आमदारांनीच बंड केले. १२ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाल्यावर राज्याची धुरा त्यांच्या कन्या शशिकला काकोडकर यांच्याकडे गेली. १९७५ चा मुंडकार कायदा आणि १९७६ ची कूळकायदा दुरुस्ती या त्यांच्या कारकिर्दीच्या मोठ्या कमाया. परंतु १९७९ मध्ये ते सरकार गेल्यानंतर पक्षाला स्वबळावर सत्ता पुन्हा लाभली नाही. जे कायद्यात उतरले ते टिकले. जे एका व्यक्तीच्या वलयावर उभे होते ते ओसरले.

आज राजकारणात शिरणाऱ्या धनिकांची वाण नाही. निवडणुकीच्या तोंडावर देवळास देणगी आणि क्रीडामंडळास चषक देऊन लोकनेता होता येते, असा त्यांचा समज दिसतो. त्यांनी मिरामारच्या समाधीवर पुष्पचक्र अवश्य वाहावे. पण तेथून परतताना, आपण सत्तेवरून गेल्यावर गरिबाच्या पदरात कोणता हक्क उरणार आहे, एवढा एकच प्रश्न स्वतःला विचारावा.