दृढीकरणाची मुद्रा

वसईच्या केळीच्या वाड्यांमधून वाट काढीत मी त्या जुन्या चर्चमध्ये पोहोचलो, तेव्हा पंधरा-सोळा वर्षांची एक मुलगी, धर्ममातेचा उजवा हात खांद्यावर घेऊन, बिशपांपुढे निश्चल उभी होती. तान्हेपणी स्नानसंस्काराच्या वेळी जी वचने आईबापांनी तिच्या वतीने उच्चारली होती, त्यांना आज तिने स्वमुखाने होकार द्यावयाचा होता. कॅथलिक पंथाच्या सात संस्कारांपैकी या संस्कारास दृढीकरण म्हणतात ते उगाच नव्हे.

ऑलिव्हच्या तेलात सुगंधी बाल्सम मिसळून बिशपांनीच आशीर्वादित केलेले ते तेल अंगठ्याने तिच्या कपाळावर क्रुसाच्या आकारात रेखले गेले, आणि पवित्र आत्म्याच्या दानाची मुद्रा तिच्यावर उमटली. मुद्रा हा शब्द मला फार समर्पक वाटतो. सनदेवर शिक्का उमटला म्हणजे ती जशी कायम होते, तसाच हा संस्कार अमिट मानला जातो आणि आयुष्यात एकदाच घडतो. श्रद्धेसाठी सोसण्याची तयारी असावी म्हणून पूर्वी बिशप गालावर हलकी चापट मारीत. १९७१ साली पोप सहावे पॉल यांनी विधीची पुनर्रचना केली, तेव्हा ती मागे पडली.

पूर्वेकडील ख्रिस्ती परंपरांत हा अभ्यंग तान्हेपणीच होतो. मला मात्र जाणत्या वयातला होकार अधिक मोलाचा वाटतो. बाहेरच्या उकाड्यात त्या मुलीने मान पुसली, गाल पुसले. कपाळाला मात्र रुमाल लागू दिला नाही. आत दप्तरात तिचे नाव चढत होते.