सुटीच्या दिवसांतील गळाची मासेमारी

शहरांत नोकरीस असलेलीं आपलीं मुलें व त्यांचे स्नेही हल्लीं शनिवार-रविवार साधून गांवीं येतात, आणि रीळ बसविलेल्या काठ्या घेऊन तलावाच्या किंवा ओढ्याच्या कांठीं तासन् तास बसतात. कित्येक वडीलधाऱ्या शेतकऱ्यांस हा निव्वळ रिकामपणाचा उद्योग वाटतो. आमचें मत तसें नाहीं. चार मित्रांनीं दोन दिवस पाण्याकडे लक्ष लावून बसावें, त्यांत करमणूक तर आहेच. पण ज्या पाण्यावर आपली शेती चालते त्याची प्रकृति कशी आहे हें कळण्याचा तो एक सोपा मार्गही आहे. ही मासेमारी कशी करावी, केव्हां करूं नये, आणि तिच्यापासून जमीनदार शेतकऱ्यानें काय शिकावें, याचा विचार या लेखांत आम्हीं केला आहे.

ही करमणूक परदेशांतून आलेली आहे अशी कित्येकांची समजूत असते. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानें बाराव्या शतकाच्या पूर्वार्धांत रचलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथांत ‘मत्स्यविनोद’ नांवाचें एक प्रकरण आहे. त्यांत माशांच्या जाती, त्यांचीं राहण्याचीं ठिकाणें, त्यांस घालावयाचें खाद्य आणि गळ टाकण्याची रीत यांचें वर्णन आहे. प्रसिद्ध मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनीं १९५१ सालीं या प्रकरणाचें शास्त्रीय विवेचन प्रसिद्ध केलें. गळाचा छंद आपल्याकडे निदान नऊशें वर्षें जुना आहे, हें यावरून दिसून येईल.

पहिला प्रश्न पाणी कोणाचें हा. स्वतःच्या शेततळ्यांत किंवा विहिरींत मासे धरण्यास कोणाची हरकत नाहीं. परंतु धरणांचे जलाशय व मोठे तलाव हे बहुधा मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्यानें दिलेले असतात. त्यांत बीज सोडण्याचा खर्च त्या संस्थेनें केलेला असतो आणि तिच्या सभासदांचें पोट त्यावर असतें. म्हणून तेथें गळ टाकण्यापूर्वीं संस्थेची परवानगी घ्यावी व ती मागेल ती फी द्यावी. आपल्या उभ्या पिकांत पाहुण्यांनीं न विचारतां शिरलेलें आपणांस चालत नाहीं. हाच न्याय पाण्यासही लागू आहे.

साहित्य फार लागत नाहीं. हात-दीड हात जाडीचा सोस न करितां, सरळ, लवचिक व वाळलेली वेळूची काठी निवडावी. तिच्या शेंड्यास नायलॉनची दोरी, दोरीच्या टोंकास गळ, गळाच्या वर वीतभर अंतरावर शिशाचा लहान मणी, आणि त्याच्याही वर बुचाचा किंवा ज्वारीच्या ताटाचा सुका तुकडा बांधावा. शिसें आमिष खालीं नेतें व बूच तें ठराविक खोलीवर धरून ठेवतें. मासा आमिषास लागला कीं बूच थरथरतें किंवा बुडतें. गळाच्या आंतल्या बाजूस जें उलटें कुसळ असतें तें चिमट्यानें दाबून टाकावें. दोरी ताणलेली ठेवली तर मासा सहसा निसटत नाहीं, आणि सोडावयाचा झाल्यास त्याच्या तोंडास इजा न होतां गळ निघतो.

कोणता मासा कोठें सांपडेल हें त्याच्या खाण्यावरून ठरतें. कटला पृष्ठभागाजवळ चरतो, रोहू मधल्या थरांत व मृगळ तळाशीं. म्हणूनच हे तिन्ही एका तळ्यांत सोडले असतां एकमेकांचें अन्न तोडीत नाहींत. त्यांस कणकेच्या किंवा पेंडीच्या गोळ्या चालतात. मरळ हा शिकारी मासा गवताळ, संथ पाण्यांत दबा धरून असतो. त्यास हवेंतूनही श्वास घेतां येतो, म्हणून थोड्या पाण्याच्या डबक्यांतही तो जगतो. वाम दगडांच्या कपारींत राहते व गांडुळास लवकर भुलते. शिवडा मोठ्या जबड्याचा असून लहान माशांवर जगतो व बहुधा अंधार पडल्यावर हिंडतो. खडशी वाहतें, स्वच्छ व खडकाळ पाणी पसंत करते. सायक्स या इंग्रज लष्करी अधिकाऱ्यानें १८३९ सालीं मुळा-मुठेंतील या माशाचें वर्णन केलें, आणि ‘खुद्री’ हें इकडचें देशी नांवच त्याच्या शास्त्रीय नांवांत कायमचें राहिलें.

वेळ सकाळची किंवा संध्याकाळची उत्तम. दुपारीं पाणी तापतें, आणि पाणी जितकें गरम तितका त्यांत प्राणवायु कमी मावतो. २० अंश उष्णतेच्या एक लिटर पाण्यांत सुमारें ९ मिलिग्रॅम प्राणवायु विरघळूं शकतो. ३० अंशांस तो साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास येतो. अशा वेळीं मासे खोल जातात व खाणें कमी करितात. याच संबंधांत शेततळें बाळगणाऱ्यांनीं एक खूण ध्यानांत ठेवावी. पाण्यांतील शेवाळ दिवसा उजेडांत प्राणवायु सोडतें, पण रात्रीं तें स्वतःच तो खर्च करितें. त्यामुळें पहांटे प्राणवायु सर्वांत कमी असतो. सूर्योदयाच्या सुमारास मासे पृष्ठभागावर येऊन तोंडें उघडझांप करितांना दिसले, तर खाद्य व शेणखत घालणें ताबडतोब थांबवावें आणि ताजें पाणी सोडावें.

आतां मुख्य मुद्द्याकडे येऊं. मासेमारी केव्हां करूं नये, हा प्रश्न ती कशी करावी यापेक्षां अधिक महत्त्वाचा आहे. मृगाच्या पहिल्या मोठ्या सरींनीं ओढे वाहूं लागले कीं अंड्यांनीं भरलेल्या माद्या प्रवाहाविरुद्ध वर चढतात आणि नाले, पाणथळ गवत व भातखाचरें येथें अंडीं घालतात. हे चढणीचे मासे. कोंकणांत यांस वलगणीचे मासे म्हणतात. उथळ पाण्यांत ते हातानें, काठीनें, पाटींतही सांपडतात, आणि गांवोगांव त्या एक-दोन रात्रीं लोक कंदील व विजेऱ्या घेऊन धांवतात. एक किलो वजनाच्या रोहूच्या मादीच्या पोटांत सुमारें दोन लाख अंडीं असतात. खडशीच्या अंड्यांची संख्या तर कांहीं हजारांवरच थांबते. अंड्यांपैकीं फारच थोडीं मोठ्या माशांच्या अवस्थेस पोंचतात हें खरें. पण चढणीवरच मादी मारली तर तीं थोडींही उरत नाहींत. बियाण्याची कणगी पेरणीच्या आदल्या दिवशीं दळून खाणारा शेतकरी आपण शहाणा म्हणणार नाहीं. वर्षभर आठवड्याच्या सुटींत गळानें धरलेले दहा-वीस मासे ओढ्याचें जें नुकसान करीत नाहींत, तें या दोन रात्रींत होतें.

मरळीच्या बाबतींत आणखी एक सावधगिरी हवी. तिचीं तांबूस पिलें पृष्ठभागावर घोळक्यानें फिरतात आणि आईबाप त्यांच्याखालीं राखण करितात. घोळका पाहून तेथें गळ टाकला तर राखणदार मासा चिडून हमखास लागतो. पण तो गेला कीं पिलें इतर माशांच्या भक्ष्यस्थानीं पडतात. असा घोळका दिसल्यास गळ दुसरीकडे न्यावा.

रोहू-कटल्यासारखे मासे साठलेल्या पाण्यांत अंडीं घालीत नाहींत. १९५७ सालच्या १० जुलै रोजीं ओडिशांतील अंगुल येथें डॉ. हिरालाल चौधरी यांनीं पोषग्रंथीच्या अर्काची सुई देऊन या जातींचें प्रजनन घडवून आणलें, तेव्हांपासून तळ्यांकरितां बीज मिळण्याचा मार्ग मोकळा झाला. खडशीसाठीं लोणावळ्याजवळ वळवण येथें टाटा वीज कंपनीनें १९७० नंतरच्या दशकांत असेच प्रयत्न हातीं घेतले. तळ्यांची गरज अशा बीजावर भागते. ओढ्यांतील मरळ, वाम, शिंगटा यांचा वंश मात्र ओढ्यालाच चालवावा लागतो. आपल्या पूर्वजांनीं हें ओळखलें होतें. महाडजवळच्या वाळण कोंडींत आणि वाडें तालुक्यांतील तिळसे येथें वैतरणेच्या डोहांत देवाचे म्हणून राखलेले मासे आजही दिसतात. नदीचा एखादा डोह राखला कीं त्याच्या वरखालीं बीज पसरतें, हा त्यामागील व्यवहार आहे.

याउलट, ओढा निर्जीव करणारीं कृत्यें पुष्कळ आहेत, आणि त्यांतील कित्येक शेतांतूनच निघतात. फवारणीचा पंप व औषधाचे रिकामे डबे ओढ्यांत धुणें हें त्यांपैकीं पहिलें. पायरेथ्रॉइड वर्गांतील कीटकनाशकें माणसांच्या मानानें माशांस कितीतरी अधिक घातक असतात. पंपाचें धुवण उन्हाळ्यांतल्या डोहांत पडलें तर तो सबंध डोह मरूं शकतो. पंप शेतांतच, पाण्यापासून दूर धुवावा व तें पाणी बांधावर जिरूं द्यावें. दुसरें कृत्य म्हणजे गेळफळें, रामेठा, ब्लीचिंग पावडर किंवा सुरुंगाची दारू वापरून मासे मारणें. विष व स्फोटक यांचा असा उपयोग १८९७ च्या कायद्यानेंच गुन्हा ठरविला आहे. विजेची तार पाण्यांत सोडणारा तर माशांबरोबर स्वतःचा व गुरांचाही जीव धोक्यांत घालतो. तिसरें, परके मासे ओढ्यांत सोडणें. १९५२ सालीं आपल्या देशांत आणलेली चिलापी साठलेल्या पाण्यांत वर्षांतून अनेकदां पिलें काढते व तळें लहान, खुरट्या माशांनीं भरून टाकते. आफ्रिकन मांगूर मिळेल तें खाणारा असून त्याच्या संवर्धनास भारत सरकारनें २००० सालीं बंदी घातली आहे. पाहुण्यांच्या गळास चिलापी लागली तर ती खुशाल खावी. पुन्हा पाण्यांत सोडूं नये.

देशी मासा सोडावयाचा असल्यास हात ओले करून धरावा, कारण कोरड्या हातानें त्याच्या अंगावरील बुळबुळीत संरक्षक थर निघून जातो. कल्ल्यांत बोटें घालूं नयेत, आणि पोटाखालीं आधार देऊन तो स्वतः पोहूं लागेपर्यंत पाण्यांत धरावा. घरीं न्यावयाचे ते एका जेवणापुरतेच न्यावे. तुटलेली नायलॉनची दोरी व गळ गोळा करून परत न्यावे. तीं गुरांच्या पायांत व पांखरांच्या पंखांत अडकतात.

शेवटीं जिवाच्या सुरक्षिततेविषयीं. धरणाखालील पात्रांत पाणी केव्हांही सोडलें जातें. भोंगा वाजला किंवा पाणी गढूळ होऊन वाढूं लागलें कीं सामान टाकून वर यावें. प्लॅस्टिकचें अस्तर घातलेलें शेततळें तर विशेष धोक्याचें आहे. ओलें अस्तर इतकें निसरडें असतें कीं पट्टीच्या पोहणाऱ्यासही वर चढतां येत नाहीं, आणि वांचविण्यास उतरलेला दुसराही अडकतो. प्रत्येक मालकानें तळ्याच्या चारी बाजूंस खुंट्यास बांधलेले गांठींचे दोर सोडून ठेवावे, हवा भरलेली रबरी ट्यूब कांठीं टांगावी आणि कुंपण घालावें. मद्य घेतलेल्यास पाण्याजवळ बसूं देऊं नये, मग तो कितीही मानाचा पाहुणा असो.

आमची वाचकांस सूचना इतकीच आहे. येत्या पावसाळ्यापूर्वीं प्रत्येक गांवानें ग्रामसभेंत दोन ठराव करावे: चढणीचे मासे मारावयाचे नाहींत, आणि ओढ्याचा एक डोह बारमाही राखावयाचा. यास खर्च कांहीं नाहीं. दोन-तीन वर्षांनीं सुटीस आलेल्या मुलांच्या गळास काय लागतें, यावरून त्या ठरावांचें फळ ज्याचें त्यास पाहतां येईल.