काठीच्या होळीला जाताना

पाकिस्तानातील चित्रालच्या डोंगरांत बुंबुरेत, रुंबूर आणि बिरीर या तीन दऱ्या आहेत. कलाश लोक तिथे राहतात. त्यांची संख्या जेमतेम चार हजारांच्या घरात आहे. देव त्यांचे, भाषा त्यांची, सणांचे पंचांगही त्यांचेच. शिकंदराच्या सैनिकांचे वंशज म्हणून जगाने त्यांची ओळख करून दिली. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या जनुकीय अभ्यासाला मात्र या आख्यायिकेसाठी आधार सापडला नाही. तरीही वसंतातल्या जोशी सणाला कॅमेरे घेऊन येणारे याच कथेच्या ओढीने येतात आणि नाचणाऱ्या बायकांची न विचारता छायाचित्रे काढतात. हिवाळ्यातल्या चौमोसच्या काही विधींपासून कलाश लोक बाहेरच्यांना दूर ठेवतात. मला तो त्यांचा पुरता हक्क वाटतो.

भारतीय पासपोर्टावर चित्रालला पोहोचणे आज जवळपास अशक्य आहे. पण डोंगरात टिकलेला, स्वतःच्या नियमांनी चालणारा सण पाहायचा असेल, तर पुणेकराला सरहद्द ओलांडायची गरज नाही. नाशिक, धुळे मागे टाकून नंदुरबार गाठावे, अक्कलकुव्यापासून देवगोईचा घाट चढून मोलगीच्या बाजूला वळावे. तिथे सातपुड्यात काठी नावाचे गाव आहे.

काठी हे जुने संस्थान. राजा उमेदसिंहाने 1246 मध्ये इथली राजवाडी होळी सुरू केली, असे गावात सांगतात. होळीच्या आधीच्या आठवड्यात परिसरातल्या बाजारांना भोंगऱ्या म्हणतात. खजूर, डाळ्या, हार-कंगण घेण्यासाठी डोंगरातली माणसे तिथे उतरतात. होळीचा दांडा म्हणजे ६०-७० फूट उंचीचा बांबू. तो गुजरातच्या हद्दीतल्या जंगलातून आणतात. तो उभा करायचा खड्डा कुदळ-फावडे न वापरता हाताने खणतात. रात्रभर ढोल वाजतात, गावोगावचे लोक नाचत येतात आणि होळी पेटते ती पहाटे, उजाडण्याच्या सुमारास.

छायाचित्रांतून आपल्याला माहीत असतात ते नाचणारे बावा-बुध्या आणि मोरखी. डोक्यावर मोरपिसांचा उंच टोप, अंगभर पांढरे ठिपके, कमरेला घुंगरू आणि वाळलेले भोपळे. काही पुरुष स्त्रीवेश घेतात. हा थाट डोळ्यांत भरणारा आहेच, पण त्यामागची गोष्ट छायाचित्रात येत नाही. यांतल्या पुष्कळांनी नवस बोललेला असतो. त्यासाठी ते होळीआधी काही दिवस पालनी पाळतात: खाटेवर झोपायचे नाही, ब्रह्मचर्य सोडायचे नाही, खाण्यापिण्याचे नियम मोडायचे नाहीत. म्हणजे आपण ज्याला सोंग समजून जवळ बोलावतो, तो माणूस व्रतस्थ असतो. पंढरीच्या वाटेवरच्या वारकऱ्याला थांबवून ‘जरा असे उभे राहा’ म्हणायला आपली जीभ रेटत नाही. इथे ती कशी रेटते?

होळी एका गावापुरती आणि एका रात्रीपुरती नाही. याहामोगी देवीशी जोडलेल्या डाब गावाच्या होळीचा मान पहिला, मग गावागणिक वेगळ्या दिवशी होळ्या पेटतात. एका गावचे लोक दुसऱ्या गावच्या होळीला जातात. अवघ्या प्रदेशाच्या नात्यांची वीण त्यातून घट्ट होते. दिवाळीतही सातपुडा रिकामा नसतो. धनत्रयोदशीच्या सुमारास अस्तंब्याच्या शिखरावर अश्वत्थाम्याच्या दर्शनाला हजारो आदिवासी तरुण चढतात. आपण घरात फराळाला बसतो, तेव्हा ते कड्यावरच्या वाटेवर असतात.

हा प्रदेश फक्त सणांचा आहे असे मानणे हा अन्यायच. 2011 च्या जनगणनेनुसार नंदुरबार जिल्ह्याची लोकसंख्या 16,48,295. तिच्यातले सुमारे 69 टक्के अनुसूचित जमातींचे. सरदार सरोवराच्या पाण्याने अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतल्या 33 गावांना बाधा पोहोचली. नर्मदाकाठची कुटुंबे तळोद्याच्या सपाटीवर नव्या वसाहतींत गेली. डोंगर, नदी, देवस्थान आणि शेजारचे गाव यांच्यावर ज्यांचे सण उभे, त्यांच्यासाठी स्थलांतर म्हणजे पंचांगच विस्कटणे. कलाश लोकांत डोंगरमाथ्याच्या ठरलेल्या खुणांवरून सूर्य पाहून ऋतू आणि सणांचे दिवस ठरवण्याची रीत आहे. ‘सुरी जागेक’ नावाच्या या विद्येची नोंद युनेस्कोने 2018 मध्ये तातडीने जपण्याच्या वारशांत केली. डोंगर बदलला तर ती विद्याही निरुपयोगी. सातपुड्यातल्या विस्थापितांना हे वेगळे सांगावे लागत नाही.

पुण्याचे या प्रदेशाशी नाते जुने आहे. डेक्कन कॉलेजच्या इरावती कर्वे यांनी पश्चिम खानदेशातील भिल्लांचे सामाजिक-आर्थिक सर्वेक्षण केले. क्वीन्स गार्डनमधली आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था 1962 मध्ये सुरू झाली. पुढे तिचे संचालक झालेले डॉ. गोविंद गारे स्वतः जुन्नर तालुक्यातल्या महादेव कोळी समाजातले. संस्थेच्या संग्रहालयात वाद्ये, दागिने, मुखवटे, रोजच्या वापराच्या वस्तू आहेत. रेल्वे स्टेशनापासून हाकेच्या अंतरावर असूनही कितीतरी पुणेकरांनी ते पाहिलेले नाही, याचे वाईट वाटते.

फाल्गुनात काठीला जायचे असेल तर आधी एक सकाळ या संग्रहालयात घालवा. मोलगीच्या बाजारातून भगर आणि आमचूर घ्या, म्हणजे चार पैसे तिथेच राहतील. होळीच्या रात्री गावकरी सांगतील तिथे उभे राहा, आणि पालनीतल्या माणसाचे छायाचित्र त्याने होकार दिला तरच काढा.