सामान भरताना आधी ओलीचा विचार

मलेशियाच्या साबा राज्यात, बोर्निओ बेटावर, किनाबालू हा ४,०९५ मीटर उंचीचा पर्वत आहे. त्याच राज्यात किनाबातांगान आणि सेगामा या नद्यांच्या खोऱ्यांत घनदाट सखल जंगल आहे. एकाच दौऱ्यात दोन्ही करायचं ठरलं की सामानाची यादी लांबत जाते. जंगलात दुपारी तापमान तिशीच्या पुढे, तर शिखरावर पहाटे शून्याच्या आसपास. तरीही दोन्हीकडे सगळ्यात जास्त त्रास देते ती ओल. तिच्यापासून बचाव कसा करायचा हे ठरलं, की निम्मी यादी आपोआप सुटते.

आधी पर्वत. पानालाबान इथल्या सुमारे ३,२७० मीटरवरच्या मुक्कामातून लोक मध्यरात्रीनंतर शिखराकडे निघतात. चढताना घाम येतो आणि वरच्या उघड्या ग्रॅनाइटवर थांबलं की वारा झोंबतो. पाणी स्थिर हवेच्या सुमारे पंचवीस पट वेगाने उष्णता वाहून नेतं. सुती बनियन घाम शोषून अंगाला चिकटून बसतो. वर कितीही जाड जॅकेट चढवा, आतली ओल ऊब खेचत राहते. म्हणून अंगालगत पॉलिएस्टर किंवा मेरिनो लोकर, त्यावर फ्लीस आणि सर्वांत वर वारा-पाऊस अडवणारं हलकं जॅकेट. चढताना अंग तापायच्या आत एक थर उतरवायचा आणि थांबल्याबरोबर पुन्हा चढवायचा.

जंगलात गणित उलटं होतं. घाम वाळतो तेव्हाच शरीर थंड होतं. हवेत आधीच इतकी वाफ असते, की घाम वाळत नाही, नुसता निथळतो. गारवा मिळत नाही, पाणी आणि मीठ मात्र जातं. त्यामुळे ओआरएसची पाकिटं इथे चैन नव्हे, गरज आहे.

त्याहून गंभीर गोष्ट पाण्यातल्या जंतूंची. २००० साली साबामध्ये ‘इको-चॅलेंज’ ही साहसी स्पर्धा झाली. नंतर संशोधकांचा ज्या १८९ स्पर्धकांशी संपर्क झाला, त्यांतले ८० जण लेप्टोस्पायरोसिससारख्या तापाने आजारी पडलेले होते. सेगामा नदीत पोहण्याशी त्याचा संबंध आढळला. पावसाळ्यात मुंबई-कोकणात ज्याची धास्ती असते तोच हा ‘लेप्टो’. प्राण्यांच्या लघवीतून पाण्यात आलेले जंतू खरचटलेल्या किंवा भिजून मऊ पडलेल्या त्वचेतून शरीरात शिरतात. जळू चावली की तिच्या लाळेमुळे रक्त लवकर गोठत नाही आणि जखम वाहत राहते. म्हणून घट्ट विणीचे, गुडघ्यापर्यंतचे जळूमोजे, जलरोधक पट्ट्या आणि जंतुनाशक मलम हाताशी हवं.

कपड्यांचे दोन जोड पुरतात. एक चालण्याचा, तो भिजणारच. दुसरा फक्त झोपण्याचा. तो जाड प्लास्टिकच्या पिशवीत, तोंड पिळून-गुंडाळून बांधलेला. सकाळी ओले कपडे पुन्हा अंगावर चढवणं जिवावर येतं, पण कोरडा जोड चालायला वापरला की रात्री घालायला काही उरत नाही. पावलांना रात्रभर कोरडेपणा मिळाला, तरच दुसऱ्या दिवशी फोड टळतात.

तालमीसाठी आपला सह्याद्री आहेच. जुलैच्या पावसात, तेच बूट आणि तीच भरलेली सॅक घेऊन कळसूबाई चढून या. कुठली शिवण गळते, कुठला पट्टा खांदा सोलतो, ते घराजवळच कळतं.

निघण्याच्या दीड-दोन महिने आधी डॉक्टरांना गाठा. शिखराजवळ हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम साठ टक्के असतो, त्यामुळे विरळ हवेचा त्रास होऊ शकतो. तसं झालं तर खाली उतरणं हाच खरा उपाय. साबाच्या जंगलांत माकडांमधला ‘नोलेसी’ मलेरियाही डासांमार्फत माणसाला होतो. डॉक्सिसायक्लिनसारखं औषध घ्यायचं की नाही, हे डॉक्टरांनीच ठरवायचं. त्याने त्वचा उन्हाला नाजूक होते.

परतल्यावर महिन्याभरात ताप आला, तर तो प्रवासाचा शीण समजून अंगावर काढू नका. कुठल्या जंगलात होतो, कुठल्या नदीत उतरलो, हे डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा. लेप्टो असो वा मलेरिया, वेळेवर ओळखला तर औषधाने बरा होतो.